इथे थांबू नये : रस्त्यांच्या पुस्तकांची गोष्ट



गेल्या महिन्यात बाबांचं घर आवरलं. बाबा आता आमच्याकडे राहतात आणि डर्बीतलं ते जुनं घर विकायला काढलंय. माळ्यावरून काय काय निघालं ते तुम्हाला सांगायला नको, तुमच्याही आईवडिलांच्या माळ्यावर तेच असणार. पितळी डबे, एक मोडका पाट, ‘रुचिरा’ची पानं सुटलेली प्रत, निळ्या कागदावरची घरची पत्रं. त्या सगळ्याच्या तळाशी एक नकाशा होता. कापडावर चिकटवलेला, घडीच्या जागी विरलेला, डर्बीशरच्या डोंगराळ भागाचा. अर्ध्या इंचाला एक मैल असं त्याचं माप.

बाबा १९६६ साली इथे आले. गाडी घेणं परवडत नव्हतं, म्हणून जुन्या बाजारातून सायकल घेतली आणि त्याच दुकानात हा नकाशाही जुनाच मिळाला. रविवारी डबा बांधून ते निघायचे. हे मला माहीत होतं. त्या नकाशावर त्यांनी पेन्सिलीने मराठीत टिपणं लिहून ठेवली आहेत, हे मात्र माहीत नव्हतं. बारीक, शाळेत घोटून घेतलेलं अक्षर. क्रॉमफर्डहून वर्क्सवर्थकडे जाणाऱ्या रस्त्यावर लिहिलंय, ‘मोठा चढ, उतरून ढकलावी.’ बेल्परच्या पुढे, ‘९ मैल, १ तास ५ मि.’ एका खेड्यापाशी, ‘चहा मिळतो. बाई भली.’ आणि अशाच दुसऱ्या एका खेड्याच्या वेशीवर फुली मारून लिहिलंय, ‘इथे थांबू नये.’

मी विचारलं, “बाबा, इथे का थांबू नये?”

बाबा म्हणाले, “पाऊस होता तिथे.”

त्या पावसाकडे आपण नंतर येऊ. आधी हा नकाशा कुठून आला ते बघू, कारण बाबांनी जे तीन प्रकारचे शेरे लिहिलेत – किती लांब, किती उभा, आणि कोण दार उघडतं – तीच या देशातल्या रस्त्यांच्या पुस्तकांची साडेतीनशे वर्षांची गोष्ट आहे.

पहिला शेरा अंतराचा. त्याच्यासाठी जॉन ओगिल्बीकडे जावं लागतं. हा माणूस मला फार आवडतो. जन्म १६००चा, स्कॉटलंडमधला. आधी नाच शिकवायचा. नाचताना पाय दुखावला तो कायमचा लंगडा झाला. मग डब्लिनला जाऊन नाटकगृह काढलं, ते १६४१च्या बंडाळीत बुडालं. मग लॅटिन शिकून व्हर्जिलचं भाषांतर केलं, पन्नाशी ओलांडल्यावर ग्रीक शिकून होमरचं केलं, आणि स्वतःच ती देखणी पुस्तकं छापून विकायला लागला. १६६६ साली लंडनला आग लागली आणि पुस्तकांचा साठा जळून गेला. वय पासष्ट. आपल्याकडे या वयाला माणसं काशीयात्रेच्या गोष्टी करतात. ओगिल्बी आगीनंतरच्या लंडनच्या मोजणीच्या कामावर लागला आणि तिथून त्याच्या डोक्यात आलं, की आता सगळ्या देशाचे रस्ते मोजायचे.

मोजायचे म्हणजे अक्षरशः मोजायचे. दांड्याला एक मोठं चाक, त्याला घड्याळासारखी तबकडी. माणूस ते चाक ढकलत रस्त्याने चालत जाणार आणि तबकडीवर अंतर उमटत जाणार. १६७५ साली त्याचं ‘ब्रिटानिया’ हे पुस्तक निघालं. शंभर पानी नकाशे, सुमारे साडेसात हजार मैलांचे रस्ते, एका इंचाला एक मैल. पुस्तकाच्या पहिल्या चित्रात तो चाक ढकलणारा माणूसही दाखवलाय. गुगलवर बघा, मुलांनाही दाखवा. आमच्या लेकीने बघून विचारलं की दुसरं चाक कुठे गेलं.

नकाशेही गंमतीचे आहेत. एक लांब कागदी गुंडाळी उलगडावी तसा एकच रस्ता खालून वर जातो, पान संपलं की शेजारच्या पट्टीत पुन्हा खालून सुरू होतो. आजूबाजूचा मुलूख नाहीच. फक्त तुमचा रस्ता, डाव्या हाताला काय लागेल, उजव्या हाताला काय. उत्तर दिशा प्रत्येक पट्टीत वेगळी, म्हणून प्रत्येक पट्टीला आपलं होकायंत्र काढलेलं. दोन्ही बाजूंना कुंपण असेल तर रस्ता सलग रेघेने, उघड्या माळावरून जात असेल तर टिंबाटिंबाने. आणि डोंगर? चढायचा असेल तर सरळ काढलाय, उतरायचा असेल तर उलटा, डोकं खाली! आपल्या फोनमधली बाई जशी फक्त पुढच्या वळणाचं सांगते, तसंच हे. माणसाला जाताना बहुतेक वेळा तेवढंच हवं असतं.

यातली एक गोष्ट आपल्याला चटकन कळेल. त्या काळी इंग्लंडात मैल एकसारखा नव्हता. १७६० यार्डांचा सरकारी मैल कायद्यात होता, पण गावोगावचा मैल वेगळा आणि बहुधा लांबच. ओगिल्बीने सगळीकडे १७६० यार्डांचाच मैल धरला, त्यामुळे त्याने मोजलेले मैल लोकांच्या तोंडच्या मैलांपेक्षा जास्त भरले. आपला कोस तरी कुठे एकसारखा होता? एका मुलखातला कोस दुसऱ्या मुलखात भरत नसे आणि “हे काय, दोन कोसांवर” म्हणणाऱ्या शेतकऱ्याच्या भरवशावर निघालेला माणूस दिवस मावळला तरी चालतच असे. विश्वासाने सांगितलेलं अंतर आणि पायाखाली आलेलं अंतर यांतला फरक त्या चाकाने पहिल्यांदा कागदावर आणला.

‘ब्रिटानिया’ होतं मात्र अवाढव्य. घोड्यावर घेऊन जायचं पुस्तकच नव्हे ते, टेबलावर पसरून बघायचं. ओगिल्बी १६७६ साली वारला. त्याच्या पट्ट्या लहान करून खिशात मावेल असं पुस्तक निघालं ते १७१९-२०च्या सुमाराला, आणि तेव्हा कुठे रस्त्याचं पुस्तक खरोखर रस्त्यावर आलं.

पुढची दीडशे वर्षं मी भराभर ओलांडतो. घोडागाड्यांचा सुकाळ झाला, रस्त्याकडेच्या सराया भरभराटल्या, मग १८३० नंतर आगगाडी आली आणि दोन्ही ओस पडलं. लांबच्या प्रवासाला रस्त्याने जाण्याचं कारणच उरलं नाही. खड्डे बुजवायला कोणी नाही, सराईत उतरायला कोणी नाही. आणि या ओस रस्त्यांवर १८७०च्या सुमाराला उंच चाकाच्या सायकलवरून पडत-धडपडत काही हौशी लोक अवतरले.

१८७८ साली हॅरोगेटला त्यांनी एक क्लब काढला, तोच पुढे सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब झाला. १८८५ साली कॉव्हेंट्रीत दोन सारख्या चाकांची साखळीवाली सायकल निघाली, १८८८ साली डनलॉपने हवेचा टायर आणला, आणि दहा वर्षांत सायकल सर्वांची झाली. १८९९ साली या क्लबचे सभासद साठ हजारांवर होते. मोटार यायच्या आधी चांगल्या रस्त्यांसाठी या देशात भांडले ते सायकलवाले, हे आज मोटारवाल्यांना सांगून पटत नाही.

घोड्यावरचा माणूस चढाची चिंता घोड्यावर सोपवतो. सायकलवाल्याला चढ स्वतःच्या मांड्यांनी भरावा लागतो आणि उतारावर, त्या काळच्या ब्रेकांनी, जीव मुठीत धरावा लागतो. म्हणून यांच्या पुस्तकांत पहिल्यांदा चढाला अक्कल आली. हॅरी इंग्लिस नावाच्या गृहस्थांनी १८९६ साली स्कॉटलंडच्या रस्त्यांचं एक छोटं पुस्तक काढलं, नंतर इंग्लंडचंही. त्यात रस्ता वरून दाखवलेला नाही, बाजूने दाखवलाय. जणू सुरीने डोंगर कापला आणि कापलेली कड पानावर ठेवली. कुठे चढ, किती उभा, माथा कुठे, सगळं एका नजरेत. क्लबने तर धोक्याच्या उतारांच्या माथ्यावर इशाऱ्याच्या पाट्याही लावल्या.

आणि मग एडिंबराच्या बार्थोलोम्यूंचे नकाशे. अर्ध्या इंचाला मैल. स्कॉटलंडची मालिका आधी, इंग्लंड-वेल्सची १८९७ ते १९०३ या काळात. त्यांची खासियत रंग. सखल भाग हिरवा, जसजसा उंच तसतसा पिवळसर, मग तपकिरी. शाळेच्या नकाशात कोकण हिरवं आणि सह्याद्री तपकिरी बघत वाढलेल्या माणसाला हा नकाशा शिकवावा लागत नाही. बाबांना लागला नाही. रस्त्यांच्या दुरुस्त्या क्लबचे सभासद पाठवायचे: हा रस्ता आता बरा झालाय, तो उखडलाय. नकाशाच्या कोपऱ्यात खुणांच्या यादीत बिनरंगी रस्त्यांबद्दल बजावलेलं असे, की हे हलके आहेत, सायकलवाल्यांनी यांच्या वाटेला जाऊ नये. म्हणजे ‘इथे जाऊ नये’ हा शेरा बाबांच्याही आधी त्या नकाशात छापलेला होता. फक्त तो खड्ड्यांबद्दल होता.

आता दार.

वीस-तीस मैल सायकल मारून आलेल्या माणसाला पाणी लागतं, चहा लागतो, कधी रात्रीपुरती खाट लागते. धुळीने माखलेला, घामेजलेला, विचित्र कपड्यांतला हा पाहुणा सगळ्याच सराईवाल्यांना नको असायचा. म्हणून क्लबने यादी केली. कुठल्या गावात कुठलं हॉटेल सभासदांना ठरल्या दराने घेतं, कुठल्या गावात क्लबचा कोण माणूस आहे, ज्याला वाटसरूने काही विचारावं. यादीतल्या हॉटेलच्या भिंतीवर क्लबचं चिन्ह, पंख फुटलेलं चाक, ओतीव लोखंडात बसवलेलं असायचं. काही जुन्या इमारतींवर ते अजून आहे. लांबून ते चाक दिसलं की सायकलवाल्याने समजायचं, इथे आपलं दार उघडं आहे.

पण कोणासाठी उघडं? २७ ऑक्टोबर १८९८ या दिवशी सरे परगण्यातल्या ऑकम गावी हॉटबॉय नावाच्या हॉटेलात लेडी हार्बर्टन नावाच्या बाई सायकलवरून आल्या. वयाने मोठ्या, घरंदाज, आणि स्त्रियांनी सुटसुटीत कपडे घालावेत म्हणून वर्षानुवर्षं भांडणाऱ्या. घोळदार झग्यात सायकल चालवणं म्हणजे साखळीत कापड अडकून तोंडघशी पडणं, म्हणून त्यांनी गुडघ्याखाली आवळलेली ढगळ विजार घातली होती. मालकीणबाईंनी त्यांना कॉफीच्या दालनात जेवायला बसू दिलं नाही. अशा कपड्यांत आत नाही. हवं तर बारशेजारच्या खोलीत बसा. त्या खोलीत पुरुष दारू पीत, धूर काढत बसलेले.

क्लबने मालकिणीवर फिर्याद केली. आधार होता इंग्लंडच्या फार जुन्या कायद्याचा: सराई चालवणाऱ्याने पैसे देणाऱ्या वाटसरूला योग्य कारणाशिवाय परत पाठवता कामा नये. एप्रिल १८९९ मध्ये खटला चालला आणि ज्युरींनी मालकिणीला निर्दोष सोडलं. जेवण नाकारलं कुठे, दुसऱ्या खोलीत देतच होती की! कायदा म्हणतो जेवायला द्या, कुठल्या खोलीत ते म्हणत नाही. हे वाचताना मला आपल्या गावाकडची वेगळी ठेवलेली कपबशी आठवली. चहा नाकारलेला नसायचाच.

आपल्याकडे रस्त्याची पुस्तकं नव्हती असं नाही. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली दक्षिणेच्या आशेने ग्वाल्हेरकडे निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. त्यांचं ‘माझा प्रवास’ १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी छापलं. झाशीच्या वेढ्यासाठी आपण ते वाचतो. मी यंदा ते रस्त्याचं पुस्तक म्हणून वाचलं. कुठे मुक्काम, कोणी आसरा दिला, कोणी लुटलं. भटजींच्या हालांना सीमा नाही, पण एक गोष्ट लक्षात येते: ओळखपाळख नसलेल्या गावातही ब्राह्मण म्हणून त्यांना कुठलं तरी दार ठोठावता येतं. आपल्या प्रवासाच्या शिदोरीतही हेच मुरलेलं आहे. दशमी दुधात का मळायची, हे माझ्या आजीने मला सांगितलं होतं: पाण्यात मळलेलं अन्न सोवळ्याला चालत नाही, दुधातलं चालतं. टिकते, मऊ राहते, हे खरंच. पण परक्याच्या चुलीवर आणि परक्याच्या पाण्यावर अवलंबून राहायला नको, हेही त्या पाककृतीत कणकेइतकंच मिसळलेलं आहे.

आणि ज्याला परक्याने पाणीच द्यायचं नाही त्याने काय मळावं?

१९०१ साली नऊ-दहा वर्षांचा भीमराव, त्याचा थोरला भाऊ आणि बहिणीची मुलं साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघाली. वडील गोरेगावला नोकरीवर होते. नवे सदरे, जरीच्या टोप्या, आयुष्यातला पहिला आगगाडीचा प्रवास. मसूर स्टेशनवर उतरली तर घ्यायला कोणीच नाही. पाठवलेलं पत्र वडिलांच्या हाती पडलंच नव्हतं. स्टेशनमास्तरने चौकशी केली, मुलाने जात सांगितली, आणि मास्तरचा चेहराच बदलला. बैलगाडीवाले दुप्पट भाड्यालाही तयार होईनात. शेवटी एक जण कबूल झाला: भाडं दुप्पट, गाडी मुलांनी हाकायची, तो बाजूने चालणार. बरोबर डबा भरपूर होता. पाणी नव्हतं. रात्री टोलनाक्यावर गाडीवानाच्या सल्ल्याने मुलाने आपण मुसलमान आहोत असं उर्दूत सांगून पाणी मागितलं, तरी नाकेदाराने दिलं नाही. भरल्या डब्याशेजारी मुलं उपाशी झोपली, कारण पाण्यावाचून घास उतरत नव्हता.

हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय, १९३५-३६च्या सुमाराला, ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या वीसेक पानांच्या आठवणींत. पुस्तकरूपाने ते छापलं गेलं १९९० साली. लंडनमधलं त्यांचं किंग हेन्रीज रोडवरचं घर आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलं असेल, पाहुण्यांना तिथे नेणं हा आपला ठरलेला कार्यक्रम आहे. पुढच्या वेळी जाल तेव्हा आधी ही वीस पानं वाचा. व्हिसाच्या रांगेत आपण सगळेच उभे राहिलोय, म्हणून ते शीर्षक आपल्याला जरा जास्तच ओळखीचं वाटतं. पण त्यांना तो व्हिसा मसूर ते गोरेगाव या रस्त्यावर हवा होता. तो रस्ता किती मैल, किती चढाचा, हे कुठल्याही सरकारी नकाशात सापडलं असतं. पाणी कोण देईल, हे कुठल्याच नकाशात नव्हतं.

आता परत सायकलकडे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईतून सहा पारशी तरुण सायकलवरून जगाच्या फेरीला निघाले. वाटेत कोणी परतला, कोणी दूर देशी राहिला. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगारा हे तिघे मार्च १९२८ मध्ये मुंबईला परत आले, सुमारे ७१ हजार किलोमीटर सायकल मारून. इराण, मेसोपोटेमियाचं वाळवंट, आल्प्स, इंग्लंड, अमेरिका, जपान, कोरिया, चीन. १९३१ साली त्यांनी ‘विथ सायक्लिस्ट्स अराउंड द वर्ल्ड’ हे पुस्तक लिहिलं, त्याला प्रस्तावना जवाहरलाल नेहरूंची. ते पुन्हा छापलं गेलंय, मिळतं. सायकल चालवणारी मुलं घरात असतील तर वाढदिवसाला हेच द्या. पंख फुटलेल्या चाकाची यादी बगदादच्या पुढच्या वाळवंटात कामाची नव्हती. त्यांनी दारं एकेक करून ठोठावली.

आणि इथे, या देशात? क्रिकेटवेड्या मंडळींनो, हे तुमच्यासाठी. १९४३च्या उन्हाळ्यात वेस्ट इंडीजचे थोर खेळाडू लिअरी कॉन्स्टन्टाइन लॉर्ड्सच्या सामन्यासाठी पत्नी आणि मुलीसह लंडनला आले. रसेल स्क्वेअरमधल्या इंपीरियल हॉटेलात चार रात्रींसाठी खोली आधीच राखलेली. आल्यावर सांगण्यात आलं, फक्त एक रात्र. महायुद्ध चालू होतं, हॉटेलात गोरे अमेरिकन उतरले होते, त्यांना खपणार नाही. त्या वेळी रंगावरून नाकारू नये असा कायदा या देशात नव्हताच. मग वकिलांनी काय काढलं? तोच जुना कायदा! सराईवाल्याने वाटसरूला परत पाठवू नये. पंचेचाळीस वर्षांपूर्वी विजारीवरून हरलेला तोच मुद्दा १९४४ साली कॉन्स्टन्टाइन जिंकले. भरपाई मिळाली पाच गिनी. मान किती मिळाला ते त्या रकमेवरून मोजू नका.

संसदेने रंगभेदाविरुद्ध पहिला कायदा केला तो १९६५ साली. हॉटेल, उपाहारगृह, दारूचा गुत्ता अशा सार्वजनिक जागी रंगावरून कोणाला नाकारणं बेकायदा ठरलं. घरं आणि नोकऱ्या त्यात नव्हत्या, त्यासाठी १९६८ उजाडावं लागलं. बाबा आले १९६६ साली, म्हणजे दोन्हींच्या मधे. म्हणून त्यांना रस्त्यावर चहा नाकारणं बेकायदा होतं आणि राहायला खोली नाकारणं कायदेशीर. हे त्यांना तेव्हा ठाऊक नव्हतं. मलाही ह्या कार्यक्रमासाठी वाचताना कळलं.

मी बाबांना हे सगळं सांगितलं. हार्बर्टनबाईंच्या विजारीला ते खूप हसले. कॉन्स्टन्टाइनचं ऐकून म्हणाले, “पाच गिनी? बरे होते त्या काळी.” मग जरा वेळाने, चहाचा कप खाली ठेवून, आपण होऊन बोलले.

१९६७चा ऑक्टोबर. पाऊस खरंच होता. हात गारठले होते, ब्रेक दाबला जात नव्हता. गावाच्या तोंडाशी एक पब होता, नाव मी सांगत नाही. आत शेकोटी दिसत होती. दार उघडून आत गेले तर मालकाने मान वर न करता सांगितलं की बंद आहे. आत सात-आठ माणसं पीत बसली होती. बाबांना वाटलं, आपलं इंग्रजी चुकतंय. त्यांनी पुन्हा विचारलं, चहा नको, नुसतं उभं राहू का. तेव्हा त्याने मान वर केली. काय म्हणाला ते बाबांनी मला सांगितलं नाही. “बाहेर येऊन सायकल उचलली, पुढे एका झाडाखाली दशमी खाल्ली आणि पेन्सिल काढली,” एवढंच म्हणाले.

मी विचारलं, “कोणासाठी लिहिलंत? नकाशा तर तुमच्या एकट्याचाच होता.”

“पुढच्या महिन्यात साने येणार होता ना नाशिकहून. त्याला देणार होतो नकाशा.”

साने आले नाहीत. त्यांना कॅनडाचं काम मिळालं. नकाशा माळ्यावर राहिला.

शाळांना सुट्टी लागल्यावर आम्ही तिघं गेलो. बाबा गाडीत, मी आणि लेक सायकलवर. त्या भागात जुन्या रेल्वेमार्गांच्या सायकलवाटा झाल्यात. ॲशबोर्नहून निघणारी टिसिंग्टन ट्रेल १९७१ पासून खुली आहे, आणि रेल्वेला उभे चढ परवडत नसल्यामुळे लहान मुलांना फार सोपी पडते. दमतील असं वाटलं तर तिथे सायकली भाड्यानेही मिळतात. आम्ही मात्र बाबांच्या नकाशाचे रस्ते धरले. क्रॉमफर्डचा चढ आम्हीही उतरून ढकलला, त्यात साठ वर्षांत काही फरक नाही. भल्या बाईंचं चहाचं दुकान आता नाही, तिथे कोणाचं तरी राहतं घर आहे.

फुलीपाशी बाबांनी गाडी थांबवायला लावली. पब चालू आहे. पाटीवर नवं नाव, खिडकीत रविवारच्या करीची जाहिरात, त्यात भाताचं आणि पापडाचं चित्र. मी म्हटलं, जाऊया आत? बाबा म्हणाले, “मला तहान नाही. तुम्ही जा.” आम्ही गेलो नाही.

लेकीने मांडीवर नकाशा पसरला होता. रविवारच्या मराठी शाळेमुळे तिला आता आजोबांचं अक्षर लागतं, अडखळत का होईना. तिने विचारलं, हे खोडून टाकायचं का? बाबा म्हणाले, “खोडू नकोस. तुला काय दिसतंय ते बाजूला लिही.”

तिने इकडे तिकडे बघितलं. गाड्या लावायच्या जागेच्या कडेला, कुंपणापाशी, सायकलवाल्यांसाठी पाण्याचा नळ होता. तिने तो उघडून बघितला, बाटली भरली, परत आली आणि पेन्सिलीने लिहिलं: ‘बाहेर नळ आहे. पाणी थंड. विचारावं लागत नाही.’ खाली तारीख घातली आणि नकाशा घडी घालून आजोबांकडे दिला.